इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स: अभ्यासक्रम निवडण्यापासून व्हायवापर्यंत

भारतात ‘इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ एवढंच नाव टाकून पदव्युत्तर अभ्यासक्रम शोधलात तर हाती फार थोडं लागेल. विषय, म्हणजे कारखाने आणि प्रकल्प गणिताने आणि पैशाच्या हिशेबाने चालवणं, इथे जुना आहे, पण पाट्या वेगळ्या आहेत. पवईची निटी ही संस्था १९६३ साली याच विषयासाठी उभी राहिली. २०२३ साली ती आयआयएम मुंबई झाली आणि तिथला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा जुना अभ्यासक्रम आता ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनच्या एमबीएच्या रूपात चालतो. आयआयटी मुंबईत तो इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चचा एमटेक म्हणून भेटतो. पुण्याच्या सीओईपीत आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा एमटेक आहे. अमेरिकेत मात्र नाव सरळ आहे. मिसुरीतल्या रोला इथल्या विद्यापीठात १९६७ सालीच ‘इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ नावाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता.

म्हणून पाटी बाजूला ठेवा आणि विषयांची यादी काढा.

यादी कशी वाचायची

दोन वर्षांचे सगळे विषय एका कागदावर उतरवा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिला ढीग आकडेमोडीचा: ऑपरेशन्स रिसर्च (हाताशी असलेल्या साधनांतून सर्वोत्तम निर्णय गणिताने काढणं), संख्याशास्त्र, सिम्युलेशन, गुणवत्ता नियंत्रण. दुसरा पैशाचा आणि माणसांचा: इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स, कॉस्टिंग, करार, संघटना. तिसरा तुमच्या मूळ शाखेचा: मॅन्युफॅक्चरिंग, बांधकाम, ऊर्जा, सॉफ्टवेअर. पहिल्या ढिगात सक्तीचे तीन विषयही नसतील तर तो पातळ केलेला एमबीए आहे, मग त्याला नाव काहीही दिलेलं असो. दुसऱ्या ढिगात इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स किंवा कॉस्टिंग यांपैकी एकही नसेल तर तो नेहमीचा एमटेक, नुसतं शेपूट जोडलेला.

नंतर प्रोजेक्टचे क्रेडिट पाहा. एमटेकमध्ये दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रबंधात जातं. एमबीएमध्ये कारखान्याशी गाठ पडते ती उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये. दोन्हींचा बाजार वेगळा आहे. प्लांटमध्ये, नियोजन विभागात किंवा सल्लागार कंपनीच्या ऑपरेशन्स शाखेत बसायचं असेल तर दोन्ही वाटा चालतात. पुढे पीएचडी किंवा अध्यापन डोक्यात असेल तर एमटेकच घ्या.

नोकरी करत शिकायचं असेल तर एक सावधगिरी. पत्रव्यवहाराने किंवा दूरशिक्षणाने मिळालेली अभियांत्रिकी पदवी एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था मानत नाही. संध्याकाळचे वर्ग, शनिवार-रविवारचे वर्ग आणि ‘दूरशिक्षण’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचं पत्र मागा आणि त्यावरचं शैक्षणिक वर्ष वाचा.

गेट की कॅट

प्रवेश परीक्षा दोन: एमटेकला गेट, एमबीएला कॅट. दोन्ही एकाच वर्षी देणारे बरेच असतात. कॅट नोव्हेंबरअखेर आणि गेट फेब्रुवारीत असल्यामुळे तारखा आडव्या येत नाहीत. अडचण येते ती सरावाची, कारण दोन परीक्षांची लय वेगळी आहे.

गेट तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि साधारण १३ गुण गणिताचे. म्हणजे शाखेचं पुस्तक उघडण्याआधीच २८ गुण टेबलावर असतात आणि हेच गुण लोक सोडून देतात. पर्यायी प्रश्न चुकला तर एका गुणाच्या प्रश्नाला १/३ आणि दोन गुणांच्या प्रश्नाला २/३ गुण कापले जातात. उत्तर आकड्यात टाईप करायचे प्रश्न आणि एकापेक्षा जास्त बरोबर पर्याय असलेले प्रश्न यांना कापणी नाही, त्यामुळे ते कोरे सोडण्यात अर्थ नाही. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनवाल्यांनी प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल या पेपरचा विचार करावा. त्यात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, ऑपरेशन्स रिसर्च आणि गुणवत्ता हे विषय थेट आहेत, म्हणजे पहिल्या सत्राची तयारी आपोआप होते. मेकॅनिकलचा पेपर मात्र जास्त दारं उघडतो. ठरावीक जोड्यांमध्ये दोन पेपर देता येतात, तेव्हा तुमची जोडी यादीत आहे का ते अर्जाआधी बघा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, कॅटचा त्याच वर्षापुरता.

कॅट दोन तासांची. तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, आणि एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या पर्यायाला उणे १. इंजिनिअर मंडळी गणितात कमावतात आणि इंग्रजी उताऱ्यांत गमावतात. संस्था विभागवार किमान पर्सेंटाइल मागतात, त्यामुळे एकूण आकडा झकास असूनही बोलावणं येत नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख वाचून त्याचा मुद्दा दोन ओळींत लिहा. चार महिने हे केलंत तर फरक पडतो.

निकालानंतरची दारंही वेगवेगळी आहेत. आयआयटींच्या ऑफर ‘कोॲप’ या पोर्टलवर येतात आणि तिथे तीन पर्याय असतात: स्वीकारून थांबणं, ऑफर राखून वाट पाहणं, किंवा नाकारून वाट पाहणं. एनआयटींसाठी ‘सीसीएमटी’. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरी, जिथे गेटवाल्यांचा विचार आधी होतो. कोॲपवर केलेल्या नोंदणीने बाकी दोन ठिकाणची नोंदणी होत नाही. हा गैरसमज दर वर्षी कुणाचं तरी वर्ष खातो.

आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांची गाडी अडते ती कागदावर. राज्याच्या कॅपसाठी लागणारं नॉन-क्रिमीलेअर आणि केंद्राच्या संस्थांसाठी लागणारं ओबीसी प्रमाणपत्र यांचा नमुना वेगळा असतो. केंद्रासाठी तुमची जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तेच. दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात किंवा तहसील कार्यालयात अर्ज टाका. जूनमध्ये तिथे दहावी-बारावीवाल्यांची रांग लागलेली असते.

गेट देऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एमटेकला आलात तर एआयसीटीईची महिना ₹१२,४०० शिष्यवृत्ती असते. त्याबदल्यात आठवड्याला ८ ते १० तास अध्यापनात मदत करावी लागते. ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येते. खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तरी पैसे अडकतात, तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वीच ते जुळवून घ्या.

पहिल्या सत्राआधीचे आठ आठवडे

प्रवेश झाला की बहुतेक जण आराम करतात आणि सप्टेंबरमध्ये संख्याशास्त्रात आपटतात. पहिले तीन आठवडे संख्याशास्त्राला द्या: सरासरी, विचरण, नॉर्मल आणि पॉयसाँ वितरण, विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल), टी-चाचणी, साधं रिग्रेशन. पुढचे दोन आठवडे मॅट्रिक्स आणि रेषीय समीकरणं. दोन आठवडे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचायला. शेअर बाजारात नोंदलेल्या, तुमच्या शाखेतल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल हे तीन आकडे शोधा. शेवटचा आठवडा एक्सेलच्या सॉल्व्हरला, म्हणजे अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या सोयीला.

सॉल्व्हरमध्ये तीन ठिकाणी ठेच लागते. प्रश्न रेषीय असूनही पद्धत ‘जीआरजी नॉनलिनिअर’ ठेवलेली असते, तिथे ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा. पूर्णांक उत्तर हवं असताना ‘इंटिजर ऑप्टिमॅलिटी’ची टक्केवारी शून्य केलेली नसते, मग सॉल्व्हर ‘जवळपास बरोबर’ उत्तरावर थांबतो आणि तुम्ही तेच सर्वोत्तम समजता. आणि २०० पेक्षा जास्त चलं टाकली की एक्सेलसोबत येणारा सॉल्व्हर हात वर करतो. त्यापुढे पायथन शिकावंच लागतं.

विषय नेमके कुठे अडतात

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये गणित सोडवणं सोपं आहे, मांडणं अवघड. एक छोटं उदाहरण घ्या. दोन जॉब आहेत. पहिल्याला लेथवर २ तास आणि फिनिशिंगला १ तास, नफा ₹३००. दुसऱ्याला दोन्हीकडे १-१ तास, नफा ₹२००. आठवड्याला लेथचे ८० तास आणि फिनिशिंगचे ५० तास हाताशी. सर्वोत्तम उत्तर पहिल्याचे ३० आणि दुसऱ्याचे २० नग, नफा ₹१३,०००. इथवर सगळे येतात.

परीक्षक पुढे विचारतो: लेथचा एक तास वाढवून मिळाला तर किती फायदा? उत्तर ₹१००, आणि यालाच शॅडो प्राइस म्हणतात. पण हा भाव लेथचे तास ५० ते १०० च्या दरम्यान असेपर्यंतच टिकतो. १०० च्या पुढे फिनिशिंग अडतं आणि लेथच्या वाढीव तासाची किंमत शून्य होते. दुसरी मेख याहून बारीक आहे. तीनशे आणि दोनशे रुपये काढताना लेथवाल्याची मजुरी आधीच वजा केली असेल, तर हे ₹१०० नेहमीच्या मजुरीच्या वर ओव्हरटाइमसाठी किती जास्तीचे देता येतील ते सांगतात. वजा केली नसेल, तर त्या तासाचा पूर्ण खर्च ₹१०० च्या आत बसायला हवा. पुस्तकी गणितात हा फरक कुठेच दिसत नाही, मात्र प्रत्यक्ष निर्णय त्याच्यावरच उलटतो.

रांगांचा सिद्धांत शिकताना एवढा तक्ता पाठ असू द्या. एकच यंत्र, येणारं काम आणि लागणारा वेळ दोन्ही अनियमित. यंत्र ८० टक्के व्यग्र असेल तर रांगेत सरासरी ३.२ कामं, ९० टक्क्यांना ८.१, ९५ टक्क्यांना १८. ‘मशीन रिकामं राहता कामा नये’ म्हणणाऱ्या सुपरवायझरपुढे हा तक्ता ठेवला की चर्चेचा सूर बदलतो. त्याच्याच जोडीला लिटलचा नियम: अर्धवट माल भागिले रोजचं उत्पादन म्हणजे माल आत किती दिवस राहतो. ६०० नग आत आणि रोज ४० बाहेर, म्हणजे १५ दिवस. कंपनी ‘आमचा लीड टाइम चार दिवस’ म्हणत असेल तर तीन आकड्यांतला एक तरी चुकीचा आहे.

साठ्याच्या विषयात ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं त्याचं, सूत्र सगळ्यांना येतं. वर्षाची मागणी १२,०००, एका ऑर्डरचा खर्च ₹५००, एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च ₹१२. उत्तर १,००० नग, आणि ऑर्डर व साठवण मिळून खर्च ₹१२,०००. पण १,००० ऐवजी १,५०० मागवले तर? खर्च ₹१३,०००. म्हणजे प्रमाण दीडपट चुकूनही खर्च फक्त ८ टक्क्यांनी वाढला. ट्रक भरून आणायचा असेल, पुरवठादाराची पेटी १,२०० ची असेल, तर खुशाल तसं करा. सूत्राच्या तिसऱ्या दशांशापेक्षा ‘साठवणीचा खर्च ₹१२ कुठून आला’ या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं, आणि नेमकं तेच विद्यार्थ्यांच्या बहुतेक जर्नलांमध्ये लिहिलेलं नसतं.

इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये चुका ठरलेल्या असतात. १० लाखांचं यंत्र, वर्षाला ३ लाखांची बचत, पाच वर्षं, १२ टक्के दर. पाच वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य १०.८१ लाख, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ८१ हजार. मंजूर! आता बसवणं, चाचण्या आणि वीजजोडणी यांत एक वर्ष गेलं आणि बचत दुसऱ्या वर्षापासून सुरू झाली असं धरा. तेच मूल्य उणे ३४ हजारांवर येतं. त्यामुळे प्रत्येक उत्तराखाली ‘सुरुवात एक वर्ष लांबली तर’ अशी एक ओळ जोडायची सवय लावा.

बाकीच्या चुका पटापट. घसारा रोख खर्च म्हणून वजा करू नका, त्याचा संबंध फक्त करबचतीपुरता. आयकरात साधारण यंत्रसामग्रीवर तो घटत्या मूल्याच्या १५ टक्के धरतात. यंत्राच्या किमतीवरचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळत असेल तर तो किमतीत मोजू नका. आधीच झालेला खर्च नव्या निर्णयात आणू नका. आणि महागाई धरून वाढवलेल्या बचतीला महागाई वगळलेला व्याजदर लावू नका.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये पर्टचं, म्हणजे कामाला लागणारा वेळ तीन अंदाजांवरून काढण्याचं, सूत्र सोपं: आशावादी अंदाज, चौपट संभाव्य अंदाज आणि निराशावादी अंदाज यांची बेरीज भागिले ६. चार, सहा आणि चौदा दिवसांचं उत्तर ७ येतं. फसगत पुढे आहे. पर्ट फक्त क्रिटिकल पाथ, म्हणजे सगळ्यात लांब पडणारी कामांची साखळी, पाहतो. दोन समांतर वाटा एकाच टप्प्यावर मिळतात आणि प्रत्येक वाट वेळेत संपण्याची शक्यता निम्मी आहे, तर तो टप्पा वेळेत गाठण्याची शक्यता पावच. बांधकामात फिनिशिंगच्या टप्प्यावर सगळं अडतं त्यामागे हेही एक गणित आहे.

अर्न्ड व्हॅल्यूत झालेलं काम रुपयांत मोजून योजनेशी आणि खर्चाशी ताडतात. समजा, आतापर्यंत २० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं १६ लाखांचं, खर्च झाले १८ लाख. वेळेचा निर्देशांक ०.८, खर्चाचा ०.८९. एकूण अंदाज ५० लाखांचा असेल तर याच चालीने शेवट ५६.२५ लाखांवर होईल. मात्र वेळेचा निर्देशांक काम पूर्ण होताना नेहमी १ वर जातो, मग प्रकल्प दोन वर्षं का रखडलेला असेना. शेवटच्या तिसऱ्या भागात त्याच्यावर विसंबू नका, बार चार्टवरचे दिवस मोजा.

गुणवत्तेत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो: नियंत्रण मर्यादा आणि ड्रॉइंगवरची मर्यादा एक समजणं. पहिली प्रक्रिया सांगते, दुसरी ग्राहक. कंट्रोल चार्टवर ड्रॉइंगची मर्यादा आखली की व्हायवातले गुण तिथेच गेले. प्रक्रिया स्थिर आहे हे दाखवल्याशिवाय सीपीके (प्रक्रिया ड्रॉइंगच्या मर्यादेत किती सहज बसते त्याचा निर्देशांक) काढू नका, तो आकडा निरर्थक असतो. आणि त्याहीआधी मोजमाप तपासा: १० नग, ३ माणसं, प्रत्येकी २-३ वेळा मोजणी. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापामुळेच येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत चांगला, ३० च्या वर असेल तर आधी मायक्रोमीटर बदला, मग प्रक्रियेला दोष द्या.

संघटना, नेतृत्व आणि करार यांचे विषय आदल्या आठवड्यात वाचून निघतात. केसमध्ये मात्र ‘संवाद सुधारावा’ असं लिहून गुण मिळत नाहीत. कोणी, कुणाला, कधीपर्यंत, कुठल्या कागदावर, हे लिहा.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत ही पदवी एमईएम (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट) म्हणून ओळखली जाते. ड्यूक, डार्टमथ, कॉर्नेल, नॉर्थवेस्टर्न अशा विद्यापीठांत ती आहे आणि साधारण ३० क्रेडिटच्या आसपास असते. आय-२० वरचा, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरचा, विषयाचा कोड आधी पाहा. इंजिनिअरिंग/इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा कोड १५.१५०१ हा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, त्यामुळे १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीनंतर, आणखी २४ महिने मागता येतात. त्या वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत नोंदलेली लागते. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून करता येतो आणि तो शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये, कारण पहिल्या वर्षात बेरोजगारीचे फक्त ९० दिवस चालतात. नऊ-दहा महिन्यांच्या झटपट अभ्यासक्रमात फी वाचते, पण मध्ये उन्हाळा येत नाही, म्हणजे इंटर्नशिप नाही. अनुभव नसलेल्याने दीड-दोन वर्षांचाच घ्यावा.

जर्मनीत याच विषयाला विर्टशाफ्ट्सइंजेनियॉरवेझन म्हणतात. तिथे फी कमी, पण दाराशी दोन अडथळे आहेत. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) भारतीयांना लागतंच, आणि ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा) एका वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तिसरा अडथळा कुणी सांगत नाही. अनेक विद्यापीठं बीईमधले अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचे क्रेडिट मोजतात. आपल्याकडच्या बीईत असे एक-दोनच विषय असतात, त्यामुळे चांगले गुण असूनही नकार येतो. बीईच्या शेवटच्या वर्षात असाल तर इलेक्टिव्ह तसे निवडा.

प्रोजेक्ट: निम्मी पदवी इथेच

कंपनी शोधायला तिसरं सत्र सुरू होण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या सत्राच्या शेवटी कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, एक पानी प्रस्ताव आणि तुमचा बायोडेटा घेऊन निघा. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा एमआयडीसींत मोठ्या नावांच्या मागे न लागता त्यांच्या पुरवठादारांकडे जा. दोनशे माणसांच्या कारखान्यात प्लांट हेड स्वतः भेटतो आणि त्याच्याकडे प्रश्नांची कमी नसते. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत रिजेक्शनवर काम करायचं म्हटलं तर तुम्हाला चहा तरी नक्की मिळेल.

व्याप्ती लहान ठेवा. ‘कारखान्याची उत्पादकता वाढवणे’ हा विषय नव्हे. ‘एका लाइनवरचा सेटअपचा वेळ’ हा विषय. एक लाइन, एक उत्पादन-गट, एक मोजमाप.

पहिल्याच भेटीत गोपनीयतेचा प्रश्न मिटवा. प्रबंधात कंपनीचं नाव येईल का, आकडे गुणून बदलायचे का, फोटो चालतील का, हे लेखी घ्या. नाहीतर सबमिशनच्या आठवड्यात एचआर ‘हे छापता येणार नाही’ म्हणतं आणि तुम्ही अडकता. मग मागा: सहा महिन्यांचे रोजचे उत्पादन अहवाल, ब्रेकडाउन रजिस्टर, रिजेक्शनच्या नोंदी, पाळ्यांचा तक्ता, प्रत्येक ऑपरेशनचा ठरवलेला सायकल टाइम आणि लेआउट. ईआरपी आणि हाताने लिहिलेलं रजिस्टर जुळणार नाहीत हे धरूनच चला. ब्रेकडाउनच्या नोंदी बहुतेक १५ किंवा ३० मिनिटांच्या पटीत सापडतील, कारण त्या पाळी संपताना आठवून लिहिलेल्या असतात. म्हणून किमान दोन आठवडे स्वतः उभं राहून मोजा, दोन्ही पाळ्यांत.

स्टॉपवॉच काढण्याआधी सुपरवायझर आणि कामगार दोघांनाही काय मोजताय ते सांगा, युनियन असेल तर प्रतिनिधीलाही. लपून मोजलंत तर दुसऱ्या दिवशी लाइन मुद्दाम संथ चालते. सांगून मोजलंत तर पहिले दोन दिवस मुद्दाम वेगाने चालते, म्हणून ते दोन दिवस मोजा पण हिशेबात धरू नका.

किती वाचनं घ्यायची हे सूत्राने ठरवा. आधी दहा सायकल मोजून सरासरी आणि विचलन काढा. विचलन सरासरीच्या २० टक्के असेल आणि ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवं असेल, तर (१.९६ × ०.२ ÷ ०.०५) चा वर्ग, म्हणजे ६२ वाचनं. वर्क सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे अधूनमधून जाऊन यंत्र चालू आहे का याची नोंद घेण्यात, यंत्र ३० टक्के वेळ रिकामं असल्याचा अंदाज असेल आणि अधिक-उणे ५ टक्के (म्हणजे २५ ते ३५) चालणार असेल, तर ३२३ निरीक्षणं. ती ठरावीक तासाला घेऊ नका, रँडम वेळा काढा. दर तासाच्या ठोक्याला गेलात तर चहाची सुट्टी एक तर रोज सापडेल किंवा कधीच सापडणार नाही.

ओईई, म्हणजे यंत्राचा प्रत्यक्ष उपयोग किती टक्के झाला ते, काढणार असाल तर ताळा करून पाहा. ४८० मिनिटांची पाळी, ३० मिनिटं सुट्टी, ६० मिनिटं बंद. आदर्श सायकल दीड मिनिट, २२० नग झाले, त्यातले २०९ चांगले. उपलब्धता ८६.७ टक्के, वेग ८४.६ टक्के, गुणवत्ता ९५ टक्के, गुणाकार ६९.७. आता सरळ करा: २०९ × १.५ ÷ ४५०. तेच उत्तर यायला हवं. वेग १०० च्या वर गेला तर कामगार विक्रम करत नसतो, ठरवलेला सायकल टाइम जुना असतो.

वेळापत्रक कारखान्याच्या पंचांगाप्रमाणे आखा. दिवाळीत शटडाउन असतं आणि त्याच्या आधी उत्पादनाची घाई. मार्चमध्ये वर्षअखेर आणि स्टॉक मोजणी, तेव्हा तुमच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसते. तेव्हा मूळ स्थितीची मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बदल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, नंतरची मोजणी जानेवारी-फेब्रुवारीत. आधीची आणि नंतरची तुलना करताना मधल्या काळात उत्पादनांचं मिश्रण बदललंय का ते पाहा. सोपे जॉब वाढले म्हणून आकडे सुधारले असतील, तर तो तुमचा पराक्रम नव्हे.

लिहिणं शेवटच्या महिन्यासाठी ठेवू नका. साहित्याचा आढावा आणि कार्यपद्धती तिसऱ्या सत्रातच लिहून गाईडना दाखवा. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० मध्ये सुधारून सहा महिन्यांत पुन्हा सादर करायला सांगतात, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. साम्य वाढतं ते बहुतेक व्याख्या आणि सूत्रांच्या वर्णनात. तिथे पुस्तकातला परिच्छेद चिकटवण्याऐवजी तुमच्या लाइनवरचं उदाहरण घेऊन लिहा.

व्हायवा

एक्स्टर्नल परीक्षक निष्कर्षाच्या पानावरून सुरुवात करतात आणि बहुतेकदा एकाच वाक्यावर थांबतात: ‘या बदलामुळे वर्षाला १२ लाखांची बचत.’ कुणाची, कुठून? प्रत्येक पाळीत ऑपरेटरची २० मिनिटं वाचली, पण त्याचा पगार तोच राहिला, तर कंपनीच्या खिशात एक रुपयाही आलेला नाही. ती २० मिनिटं ओव्हरटाइम कमी करण्यात गेली, किंवा त्या वेळात जास्तीचे नग निघून विकले गेले, तरच तो पैसा. बचतीचा प्रत्येक रुपया कंपनीच्या हिशेबात कुठल्या खात्यात दिसेल ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि ज्याला खातं सापडत नाही तो आकडा सबमिशनआधीच काढून टाका. मोजणीचे मूळ कागद, तेलाचे डाग पडलेले का असेनात, फाइलमध्ये लावून सोबत न्या. ‘ही ६२ वाचनं कुठे आहेत?’ असं विचारलं जातं आणि तेव्हा एक्सेलची शीट दाखवून भागत नाही.